मूठभर तांदळाबद्दल

मिझोरामच्या आयाबहिणींनो,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

1910 साली तुमच्या आज्या-पणज्यांच्या हातात रोख पैसा नव्हता. चूल होती, दोन वेळचा भात होता. त्यांनी त्या भातातूनच अर्पण काढलं: ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ. आज तुमची प्रेस्बिटेरियन मंडळी, म्हणजे चर्च, स्वतःच्या पैशाने मिशनरी पाठवते, त्यात या मुठीचा मोठा वाटा आहे. आमच्या चुलीपर्यंत ही रीत पोचवल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

मर्म आहे ते मूठ कधी काढायची यात. आजच्या जेवणाचा तांदूळ मापून घ्यायचा आणि त्यातूनच एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. मूठ जाणार म्हणून आधीच जास्त मापलं, तर ताटात काहीच कमी पडत नाही. शनिवारी एकदम सात दिवसांचे तांदूळ काढून ठेवले तरी तेच; धान्य भरतं, पण रोज चुलीपाशी होणारी प्रार्थना बुडते. बायबलमध्ये अरवना नावाच्या माणसाचं खळं फुकट मिळत असताना दाविद राजाने 50 शेकेल चांदी मोजली. फुकटचं होमार्पण त्याला देवापुढे न्यायचं नव्हतं.

मूठ तांदूळ धुण्याआधी काढावी, हातही कोरडा हवा. ओल्या हाताचे चार दाणे डब्यात गेले की गोळे होतात, कुबट वास येतो. एक मूठ 50 ग्रॅम धरली तर दोन वेळची 100, आठवड्याची 700 ग्रॅम, वर्षाला एका घरातून साधारण 36 किलो. दर आठवड्याला डबा रिकामा केला तर सोंडे लागायला वेळच मिळत नाही. लागलेच तर तांदूळ चाळून सावलीत पसरावा. कडक उन्हात दाणा तडकतो आणि कणी होते.

विकण्यासाठी जमलेला जाड आणि बारीक तांदूळ वेगळ्या पोत्यांत भरावा. मिसळलेला सारखा शिजत नाही, म्हणून भाव पडतो. वजन दोघींनी मिळून करावं आणि वहीत फक्त एकूण आकडा लिहावा, कुणाच्या घरातून किती आलं ते नको. घरी बारीक तांदूळ शिजत असताना डब्यात किडका पडत असेल, तर मलाखी संदेष्ट्याने अर्पणात आणलेल्या लंगड्या, रोगी पशूंबद्दल केलेली तक्रार आपल्यालाच लागू होते.

आमच्याकडे भाकरीची घरं पुष्कळ. तिथे पीठ लवकर कडवट होतं, म्हणून दळणाला जाण्याआधी ज्वारीचीच मूठ काढतात. आठवड्याचं दळण एकदाच होतं, तेव्हा मुठी मोजूनच काढाव्या लागतात: रोजची एक धरून सात.

गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, शास्त्रात सगळ्यांनी वाचल्या आहेत. पण रोज, दोन वेळा, तेवढंच देता येतं हे तुमच्या घरांतून कळलं. त्या पहिल्या डब्यांपाशी उभ्या राहिलेल्या आज्यांना आमचा सलाम पोचवा.

तुमच्या बहिणी,
महाराष्ट्रातल्या एका मंडळीचा महिला संघ