सुमे, मी कॉलेजचा फॉर्म भरला

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१२ जुलै

प्रिय सुमे,

परवा रात्री साडेअकराला मी कॉलेजचा फॉर्म भरला. लगेच फोन करणार होते, पण तेव्हा तुझ्याकडे दुपारचे बारा, म्हणजे तुझ्या शाळेतली मुलं खिचडीला बसलेली. शिवाय बोलायला लागले असते तर मला रडू आवरलं नसतं. म्हणून पत्र. बारावीनंतर तुला इतकं लांब पत्र लिहिलं नसेल.

कॉलेजचं नाव ओलोनी. इथे पूर्वी राहणाऱ्या आदिवासींचं हे नाव. आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर, डोंगराच्या उतारावर आहे. त्या डोंगराला मिशन पीक म्हणतात. तिकडे डहाणूला आत्ता बारडाचा डोंगर हिरवागार झाला असेल, भातलावणी चालू असेल. इथे मात्र पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे जुलैत सगळं गवत वाळून पिवळं झालंय. गेली सात वर्षं लेकाला पोहायला सोडताना मी त्या कॉलेजच्या पाटीसमोरून जात होते. आत कधी वळले नाही. कॉलेज म्हटलं की टक्के, यादी आणि ‘पुढच्या वर्षी बघा’, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हे कम्युनिटी कॉलेज आहे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, म्हणून नीट सांगते. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. साठ युनिटं (युनिट म्हणजे अभ्यासाचं माप, एक विषय साधारण तीन युनिटांचा) पूर्ण केली की असोसिएट पदवी मिळते, किंवा तिथून थेट मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येतं. नाहीतर चार-पाच विषयांचं प्रमाणपत्र घेऊन कामाला लागायचं. नर्स, मोटार मेकॅनिक, हिशेबनीस, बालवाडी शिक्षिका, सगळे इथे शिकतात. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. पहिलं निघालं १९०१ मध्ये, शिकागोजवळच्या जोलिएट गावी, सहा विद्यार्थ्यांवर. कॅलिफोर्नियातलं पहिलं फ्रेस्नोला, १९१० मध्ये. फ्रेस्नो म्हणजे द्राक्षांचा आणि मनुकांचा मुलूख, आपल्या नाशिकसारखा. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकायला लांब जायला लागू नये, म्हणून गावच्या हायस्कूलनेच पुढचे वर्ग काढले.

आता मुख्य गोष्ट. इथे कोणाला नाही म्हणत नाहीत. १९६० मध्ये या राज्याने उच्च शिक्षणाची एक योजना आखली. वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. ज्याला शिकून काही उपयोग होईल त्याला दार उघडं. वय अठरा पूर्ण असलं की झालं. हे मी तीन वेळा वाचलं, कारण मला वाटलं खाली बारीक अक्षरात काहीतरी असणारच. काही नव्हतं. फॉर्मला पैसेही पडत नाहीत.

सुमे, त्या फॉर्ममध्ये टक्क्यांचा रकानाच नाही गं.

मला २००१ चा जून आठवला. डी.एड.ची यादी लागली होती. तेव्हा आपला जिल्हा ठाणेच होता, पहाटेची शटल पकडून आपण दोघी गेलो होतो. भिंतीपुढे ही गर्दी. तुझं नाव मी आधी पाहिलं, मग माझं शोधायला लागले. खालपर्यंत गेले, परत वर आले. पाऊण टक्का कमी पडला होता. तू माझा हात धरून मला बाहेर काढलंस आणि डहाणूपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. घरी तुझ्या बाबांनी पेढे आणून ठेवले होते, पण तू ते गल्लीत वाटू दिले नाहीस. हे मला तुझ्या आईने लग्नाच्या वेळी सांगितलं. तुला कधी बोलले नाही. आज लिहून ठेवते, म्हणजे तुझ्याजवळ राहील. त्या दिवसाचा मी तुझ्यावर कधी राग धरला नाही. तू मास्तरीण झालीस आणि पाड्यावरच्या मुलांना वारलीतून मराठीत आणलंस, त्यातलं थोडं आपलंही आहे असंच मला वाटत आलं. पण बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मी जमाखर्चाच्या वहीत डोकं घालून बसले आणि मन कधी तिथे नव्हतं, तेही खरंच.

तर फॉर्म. तासाभराचं काम, मला तीन रात्री लागल्या. पहिली रात्र नावातच गेली. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधल्या जागी एकीकडे वडील, दुसरीकडे नवरा. फॉर्ममध्ये ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना निघाला. तिथे माझं जुनं नाव पुरं लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सोळा वर्षांनी लिहिलं असेन.

दुसऱ्या रात्री चूक केली. या राज्यात कधीपासून राहता, असा प्रश्न होता. मी आत्ताच्या घरात आलो ती तारीख टाकली. घर गेल्या नोव्हेंबरात बदललंय! त्यामुळे मी ‘बाहेरची’ ठरले. इथे रहिवासी ठरायला वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो. रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. तिसऱ्या रात्री सगळं पुन्हा वाचताना हे लक्षात आलं, पोटात गोळाच आला. तारीख दुरुस्त केली आणि ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्सची कागदपत्रं काढून ठेवली. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याबरोबर इथे आलेल्या बाईला रहिवासी धरत नाहीत, असं मला इथल्या दोन मैत्रिणींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. चूक आहे ते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला धरत नाहीत, आम्हाला धरतात. अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून आमच्यातल्या किती जणी वर्षानुवर्षं घरात बसल्या आहेत, त्याचं मला फार वाईट वाटतं. मीही त्यांच्यातलीच.

आणि तिसऱ्या रात्री तो प्रश्न आला. आई-वडिलांचं शिक्षण किती? खाली यादी: हायस्कूल पूर्ण नाही, हायस्कूल पूर्ण, कॉलेज, पदवी. बाबांचं अकरावी मॅट्रिक. आईचं मी कितीतरी वेळ भरलंच नाही. चौथी. चौथीनंतर तिला चिकूच्या वाडीत कामाला घातलं, हे तुला माहीत आहे. माझी दहावीची पुस्तकं ती आडवी हातात धरून नुसती चित्रं बघायची. शेवटी ‘हायस्कूल पूर्ण नाही’ निवडलं आणि स्क्रीनकडे बघत बसले. मला वाटलं इथे माझे गुण कापणार. उलट आहे. ज्यांच्या घरी कोणाकडे पदवी नाही त्यांना मदत जास्त लागते, हे त्यांना कळावं म्हणून विचारतात. आईची चौथी माझ्या आड येण्याऐवजी माझ्या बाजूने उभी राहिली. मी लॅपटॉप बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, आणि मग येऊन उरलेला फॉर्म भरला.

आज सकाळी ईमेल आला. प्रवेश झाला. विद्यार्थी क्रमांकसुद्धा मिळाला. लगेच येत नाही हं. हल्ली मदतीचे पैसे लाटायला खोट्या नावांनी कॉम्प्युटरवरून ढिगाने अर्ज भरतात म्हणे, म्हणून माणूस खरा आहे का ते तपासून मगच पुढे सोडतात.

विषय तू ओळखला असशील. बालशिक्षण. इथे खाजगी बालवाडीत शिक्षिका व्हायला बालशिक्षणाची बारा युनिटं लागतात, म्हणजे तीन-तीन युनिटांचे चार विषय. पहिले दोन ठरलेले: मुलाची वाढ आणि विकास, आणि दुसरा मूल, कुटुंब आणि समाज. मग अभ्यासक्रमाचा एखादा. हिशेब बघ. एका विषयाला १३८ डॉलर, चार मिळून ५५२. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. नवऱ्याने आकडा ऐकला आणि म्हणाला, एवढंच? मग गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, आधी का नाही विचारलंस. मी काय उत्तर देणार? सरकारने २०१५ मध्ये आमच्यातल्या काहींना कामाची परवानगी द्यायला सुरुवात केली. मला ती मिळूनही तीन वर्षं झाली, कार्ड कपाटात पडून आहे. वाट मीच अडवली होती.

इंग्रजीची भीती अजून आहे. बोलते बरं, लिहिताना अडते. पूर्वी प्रवेशाच्या वेळी चाचणी असायची आणि त्यात कमी पडलेल्यांना वर्ष-दीड वर्ष पायाभूत वर्गात बसवून ठेवायचे. त्यातले बरेच जण मध्येच सोडून जायचे. २०१७ च्या कायद्याने ते बहुतेक थांबवलं. आता तुमचं शाळेतलं शिक्षण बघतात आणि शक्यतो सरळ कॉलेजच्याच वर्गात बसवतात, गरज असेल तर जोडीला मदत देतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. माणसाला पायरीवर उभं करून ठेवलं की तो आत येईल याची काय खात्री?

ईमेल आल्यावर दुपारी काउन्सेलरला भेटून आले. पन्नाशीची बाई, शांत. तिने विचारलं, मुलांबरोबर कधी काम केलंय? मी आधी नाही म्हटलं. मग रविवारच्या मराठी शाळेतला शिशुवर्ग सांगितला, चार वर्षं घेतेय. आणि मग एकदम कोसबाड सांगायला लागले. आठवतं, दहावीच्या सुट्टीत आपण सायकली काढून टेकडीवर गेलो होतो? चढावर तुझी चेन पडली होती. मी तिला सांगितलं की आमच्या गावाजवळ ताराबाई मोडक नावाच्या बाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कोणाला अंगावर कपडा नाही. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. परदेशी महागडी साधनं परवडत नव्हती, तर खडे, बिया, शिंपले घेतले. पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जायचं. काउन्सेलरने पेन खाली ठेवलं होतं. म्हणाली, तुम्ही हे सगळं पहिल्या विषयाच्या निबंधात लिहा. मग जाता जाता म्हणाली, हे कॉलेजही तसंच काहीतरी करायला बघतं.

घरी येताना गाडीत मी तेच घोळवत होते. गावच्या अंगणात आणलेली शाळा, फक्त मोठ्यांची. आज कॉलेजच्या आवारात बाकावर अर्धा तास बसले होते. एक आजोबा वही घेऊन चाललेले, दोन मुली हातवारे करून बोलत होत्या. इथे कर्णबधिर मुलांसाठी फार चांगली सोय आहे. एक बाई कडेवर बाळ घेऊन रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी. कोणी कोणाकडे वळून बघत नव्हतं. एक्केचाळीसाव्या वर्षी मी तिथे विजोड दिसेन असं वाटलं होतं, पण मी त्यांच्यातलीच एक होते.

सगळं गोड नाही. पहिल्या विषयाचा संध्याकाळचा वर्ग भरलाय, मी प्रतीक्षायादीत सहावी. होय, पुन्हा यादी! पण ही वेगळी. पहिल्या दिवशी जाऊन बसायचं, कोणी गळालं की बाई आत घेतात, नाहीतर जानेवारीत तोच वर्ग पुन्हा आहेच. बालवाडीत काम करायचं तर बोटांचे ठसे, क्षयाची तपासणी, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसींचे पुरावे लागतात. माझ्या लहानपणच्या लसींचा कागद कुठून आणू? बहुतेक रक्त तपासून घ्यावं लागेल.

आता तुझ्याकडे काम आहे. पुढे राज्याचं शिक्षिकेचं परमिट काढायचं तर बालशिक्षणाची चोवीस युनिटं लागतात, आणि शिवाय सोळा युनिटं सर्वसाधारण विषयांची. माझी बी.कॉम. इथल्या मापाने मोजून घेतली तर त्या सोळांतली काही सुटतील असं काउन्सेलर म्हणते. त्यासाठी तिन्ही वर्षांच्या मार्कशीट हव्यात आणि विद्यापीठाकडून पाकीटबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा. मी भावाला सांगितलं होतं. एका कार्यालयाने त्याला तीनदा परत पाठवलं, दर वेळी नवीन कागद सांगून. तो वैतागलाय, त्याला मी आता काही बोलत नाही. तू आधी फक्त आईच्या ट्रंकेतून मार्कशीट काढून त्यांचे नीट फोटो पाठव. पुढचं ऑनलाइन होतं का ते मी बघते. नाहीच झालं तर दिवाळीच्या सुट्टीत तुला एकदा मुंबईला जावं लागेल. जाशील ना?

आणखी एक. पहिल्या आठवड्यात आपल्या गावचा मुलांचा एक खेळ वर्गात सांगायचा आहे, असं अभ्यासक्रमात लिहिलंय. तुझ्या पाड्यावरची मुलं चिंचोके घेऊन जे मोजणीचं गाणं म्हणतात ते मला रेकॉर्ड करून पाठव. मुलांना मागे गोंधळ करू दे, गप्प बसवू नकोस.

वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू. आईला अजून सांगितलं नाहीये. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगायची ही गोष्ट नाही. ट्रंक उघडशील तेव्हा तूच तिच्या शेजारी बसून सांग. तिच्या चौथीबद्दल फॉर्ममध्ये विचारलं होतं, तेही सांग.

तुझी,
बेबी

ता. क. ट्रंकेची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला आहे. मार्कशीट सगळ्यात खाली, निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या लग्नाच्या शालूखाली. तिथेच डी.एड.च्या अर्जाची पोचपावती असेल. तिचाही फोटो पाठव.