कवितेखाली कवीचं नाव हवंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कवितेच्या ओळींची चौकट येते, ती मी आवर्जून वाचते. अलीकडे त्या ओळींखाली ‘अनामिक’ असं वरचेवर छापलेलं दिसतं. त्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्यासाठी एका परदेशी कवीची हकिकत सांगावीशी वाटते. बॅजर क्लार्क हा अमेरिकेतला काउबॉय कवी. त्याने लिहिलेली काउबॉयची प्रार्थना पोस्टकार्डांवर छापली गेली, मेळाव्यांत म्हटली गेली, लोकांच्या तोंडी बसली. पण तिच्याखाली कितीतरी वेळा ‘कवी अज्ञात’ असंच असायचं, आणि तेही कवी हयात असताना!

क्लार्कचा जन्म १८८३ सालचा, आयोवा राज्यातला. तान्हा असतानाच कुटुंब डकोटाच्या मुलखात आलं. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. कॉलेज अर्धवट सोडून हा मुलगा क्यूबाला गेला, तिथे तुरुंगही पाहिला, आणि परत आल्यावर क्षयाने त्याला गाठलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. कोरड्या हवेत जाऊन राहा, एवढंच डॉक्टर सांगत. म्हणून तो अ‍ॅरिझोनात, टूम्बस्टोन गावाजवळच्या एका रँचवर राखणदार म्हणून राहिला. गुरं थोडी, माणसं त्याहून थोडी, वेळ भरपूर. तिथे तो बरा झाला आणि तिथेच कवी झाला. सावत्र आईला पाठवलेल्या पत्रांत तो कविता लिहायचा. त्यांतली एक त्या माउलीने परस्पर एका मासिकाला धाडली आणि दहा डॉलरचा धनादेश आला. सावत्र आईने ओळखलं नसतं, तर हा कवी जगाला कळलाच नसता, असं मला मनापासून वाटतं.

ती प्रार्थना १९०६ची. शीर्षकाखाली ‘आईसाठी लिहिलेली’ अशी नोंद आहे. तिच्यातला काउबॉय देवाला सांगतो, की जिथे चर्च उभी राहतात तिथे मी कधी राहिलो नाही. तू घडवलीस तशीच्या तशी सृष्टी मला अधिक प्रिय आहे. मला या माळरानासारखं मोठं आणि मोकळं मन दे, असं तो मागतो. धर्मोपदेशकाच्या मुलाने हे लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आता पाहा, कवीचं नाव गाळलं की वडील गेले, आजारपण गेलं, ती पत्रंही गेली. मग उरतो तो छानसा सुविचार.

त्याची आणखी एक कविता सरहद्दीपलीकडच्या मेक्सिकन मुलीवर जीव जडलेल्या काउबॉयची आहे. १९२५मध्ये तिला चाल लागली आणि पुढे बॉब डिलनपर्यंत अनेकांनी ती गायली. ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना क्लार्क ठाऊक असेल?

म्हाताऱ्या वडिलांकडे पाहायला तो १९१०मध्ये डकोटाला परतला, आणि नंतर कस्टर स्टेट पार्कच्या रानात स्वतः बांधलेल्या लाकडी घरात एकटाच राहिला. वीज नाही, नळ नाही, टेलिफोन नाही. लग्न केलं नाही. शाळाशाळांतून भाषणं द्यायची, कविता म्हणायच्या, त्यावर गुजराण. १९३७मध्ये साउथ डकोटाने त्याला राज्यकवी केलं, तरी राहणी बदलली नाही. १९५७मध्ये तो गेला. ते घर आजही जपलेलं आहे, लोक पाहायला जातात.

लोकांच्या ओठांवर बसून नाव विरघळून जाणं हाच कवीचा खरा मान, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. नेवाडातल्या एल्को गावी १९८५पासून दर हिवाळ्यात काउबॉय कवींचा मेळावा भरतो. तिथे जुन्या कविता तोंडपाठ म्हणतात, पण कविता कोणाची हे आधी सांगण्याची रीत आहे. म्हणजे मौखिक परंपरा आणि कवीचं नाव एकत्र नांदू शकतात. आपल्याकडेही बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी जपली आणि आईच्या नावानिशी लोकांपुढे ठेवली, म्हणून आज ती बहिणाबाईंची आहेत. नाहीतर ‘जात्यावरची गाणी’ म्हणून सरसकट खपून गेली असती.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर कोणाचीही कविता पु. लं.च्या किंवा कुसुमाग्रजांच्या नावावर फिरते. तिथे आवर कोण घालणार? पण वर्तमानपत्राचं तसं नाही. तुम्ही छापलंत की लोक ते खरं मानतात, कात्रण काढून ठेवतात, शाळेच्या फळ्यावर लिहितात. तुमच्या चौकटीतला ‘अनामिक’ शब्द असा पुढे चालत राहतो.

माझी विनंती साधी आहे. ओळी निवडल्यावर कवीचा शोध घ्यावा. नाव मिळालंच नाही, तर ‘अनामिक’ न छापता ‘या ओळी कोणाच्या, वाचकांनी कळवावं’ असं छापावं. तुमच्या वाचकांत शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे सांभाळणारे आहेत. कोणी ना कोणी सांगेलच. नाव कळलं, की पुढच्या रविवारी त्याच चौकटीत ते ठळक अक्षरांत द्यावं.

– एक वाचक, सांगली