पदक पाहून पोलिसांचे वागणे बदलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर सुशील कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२५ रोजी रद्द केला. तेव्हापासून आमच्याकडच्या तालमींत आणि यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानावर हा विषय निघाला, की तो लवकर मिटत नाही. देशाला दोन ऑलिंपिक पदके मिळवून देणाऱ्या मल्लाला पोलिसांनी सराईत गुन्हेगारासारखे वागवायला नको होते, असे जुने पैलवान म्हणतात. तर एका तरुण कुस्तीगिराचा जीव गेला आहे, मग पोलिसांनी काय आरोपीची आरती ओवाळायची, असा तरुण मुलांचा सवाल असतो. वाद घालणाऱ्या दोघांच्याही हाती माप एकच आहे. आरोपी मोठा असेल तर पोलिसांनी नरमाईने वागावे आणि वाईट असेल तर कसेही वागावे, हे ते माप. मी भुसावळचा; रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालो असून परिसरातील कुस्त्यांना पंच म्हणून उभा राहतो. या मापाबद्दल माझा आक्षेप आहे, म्हणून हे पत्र.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये झालेल्या मारहाणीनंतर सागर धनखड या कुस्तीगिराचा मृत्यू झाला आणि २३ मे रोजी सुशील कुमार यांना अटक झाली. गुन्हा त्यांनी केला की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते अटकेनंतर महिनाभराने, जून २०२१ मध्ये, त्यांना मंडोली तुरुंगातून तिहारला हलवतानाच्या त्या छायाचित्राबद्दल. मध्यभागी खुनाच्या गुन्ह्यातील आरोपी, भोवती दिल्ली पोलिसांचे कर्मचारी, आणि लग्नाच्या मांडवात नवरदेवाबरोबर काढावा तसा हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. चाहते होते बिचारे, म्हणून सोडून दिले. पण त्याच खटल्यात साक्ष द्यायची असलेल्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर हा फोटो पोहोचला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार किती जणांनी केला? आरोपी बाहेर असताना साक्षीदार फिरल्याची बाब जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने गंभीरपणे विचारात घेतली. त्याला कारण तो फोटो होता, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. परंतु ज्याला पोलिसांच्या गराड्यात हसताना पाहिले, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहायला छाती लागते, एवढे कोणीही समजू शकेल. पोलिसांनी आरोपीवर दाखवलेली मेहेरबानी फुकट नसते. तिची किंमत मृताच्या घरच्यांनी मोजायची असते.

आता दुसरे टोक पाहा. पिंकी प्रामाणिक ही बंगालची धावपटू. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत ती होती. ती पुरुष असून तिने बलात्कार केला, अशा एका तक्रारीवरून जून २०१२ मध्ये तिला अटक झाली. कायदा तेव्हाही स्पष्ट होता. परिस्थितीने भाग पाडल्याशिवाय स्त्रीला अटक करताना महिला पोलिसाखेरीज कोणी तिच्या अंगाला हात लावायचा नाही, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. तरीही पुरुष पोलिसाने तिला धरून नेतानाचे छायाचित्र देशभर पाहिले गेले, आणि ती स्त्री आहे की नाही हे ठरवण्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या वेळची चित्रफीतही बाहेर फुटली. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती कोठडीत होती. सप्टेंबर २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिच्यावरील आरोप रद्द केले. तोवर तिची जी विटंबना व्हायची ती होऊन गेली होती, आणि ती भरून देण्याची सोय कोणत्याही निकालपत्रात नसते.

हे दोघेही रेल्वेचे नोकरदार होते आणि अटकेनंतर दोघांवरही निलंबनाची पाळी आली, हे भुसावळकरांनी लक्षात घेण्यासारखे आहे. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडीत राहिला, की तो आपोआप निलंबित समजला जातो. गुन्हा खरा की खोटा, हा प्रश्न त्या नियमापुढे येतच नाही. ज्या गावात निम्म्या घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटत आली, तिथे अठ्ठेचाळीस तास म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नसावी. अटक ही चौकशीची एक पायरी आहे, शिक्षा नव्हे, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण नोकरदारासाठी आणि त्याहूनही नोकरीच्या उमेदवारासाठी ती पहिल्या दिवसापासून शिक्षाच ठरते.

उमेदवारांचे उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर आहे. जळगावपासून नंदुरबारपर्यंत कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला जा; पोलीस भरतीची मुले सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावताना दिसतील, आणि एखादा मित्र मोबाईलवर वेळ लावून कडेला उभा असेल. त्यांच्याच शेजारी जिल्ह्याच्या संघातली मुले सराव करतात. खेळाडू आणि भावी पोलीस असे वेगळे दोन कळप तिथे नाहीतच. बहुतेक पोरे दोन्ही आहेत, जमेल ते पदरात पाडून घेणारी. त्यांना दुखापतीपेक्षा जास्त भीती असते ती केस लागण्याची. गणपतीच्या मिरवणुकीतल्या भांडणात नुसते नाव आले, तरी चारित्र्य पडताळणीच्या वेळी ते कागद वर येतात, आणि निर्दोष सुटलेल्यालाही वर्षभर खेटे घालावे लागतात. अशा मुलाला ठाण्यात सोडवायला महागडा वकील येत नाही. सोबत फार तर गावचा सरपंच येतो, तोही निवडणूक जवळ असली तर.

आणि तरीही आपल्याच भागात सध्या पोलिसांची सर्वाधिक वाहवा होते ती आरोपीची धिंड काढली की. शेजारच्या नाशिकमध्ये २०२५ च्या ऑक्टोबरात आरोपींकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे वदवून घेतल्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या, आणि आपल्याकडे हे कधी, अशी विचारणा खान्देशातल्या गावोगावच्या ग्रुपांवर सुरू झाली. गुंडगिरीला कंटाळलेल्या माणसाचा संताप मला समजतो. रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या व्यापाऱ्याला कोयता दिसला असेल, तर त्याच्याकडून घटनेच्या कलमांची अपेक्षा करता येत नाही. पण अटकेच्या वेळी सुशील कुमार यांच्या चेहऱ्यावर टाकलेला टॉवेल पाहून ज्यांचा जीव कळवळला, तेच लोक लंगडत चालवलेल्या अनोळखी पोराच्या चित्रफितीखाली टाळ्या वाजवताना मी पाहिले आहेत. या विसंगतीचे समर्थन कसे करायचे?

पूर्वी आमच्याकडे कुस्ती खेळलेला आणि आता खाकीत असलेला एक मुलगा मला म्हणाला, “आप्पा, धिंड काढली नाही तर लोकच म्हणतात, यांनी पैसे खाल्ले.” त्याचे म्हणणे खोटे नाही आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. बंदोबस्ताच्या दिवसांत सलग दोन-दोन पाळ्या करणाऱ्या त्या पोराकडून जनतेला तमाशा हवा आहे, आणि वरिष्ठांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र त्यातली व्यवहाराची एक बाजू त्यालाही कोणी शिकवलेली दिसली नाही. ज्या आरोपीचा चेहरा चौकाचौकात फिरवला, त्याची नंतर तुरुंगात घेतलेली ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून आरोपीला ओळखून दाखवणे, न्यायालयात टिकणे कठीण होते. साक्षीदाराने आधी मोबाईलवर पाहिलेलाच माणूस ओळखला, एवढे म्हणायची संधी बचावाच्या वकिलाला मिळते, आणि खरा गुन्हेगार त्याच फटीतून निसटतो. म्हणजे टाळ्या आज आणि सुटका उद्या.

खेळाडूच्या अटकेचा वाद नीट कसा घालावा, याचे एक उदाहरण परदेशातले आहे. जगातील अव्वल क्रमांकाचा गोल्फपटू स्कॉटी शेफलर याला १७ मे २०२४ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात स्पर्धेच्या मैदानाकडे जाताना अटक झाली. त्या पहाटे तिथे बसखाली एक माणूस ठार झाल्यामुळे वाहतूक खोळंबली होती. आपण थांबवूनही गाडी पुढे आली आणि आपल्याला फरफटत नेले, असा पोलीस अधिकाऱ्याचा आरोप होता. त्याच्या अंगावरचा कॅमेरा मात्र बंद होता. बारा दिवसांत सरकारी वकिलांनी सर्व आरोप मागे घेतले. कोणी म्हणेल, मोठा माणूस म्हणून सुटला. तेही असेल. परंतु तिथल्या चर्चेत एक प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवला गेला, तो म्हणजे कॅमेरा बंद का होता. आणि त्या अधिकाऱ्याला त्याबद्दल खात्यात जाब द्यावा लागला. हा प्रश्न आरोपी गोल्फपटू असो की हमाल, तितकाच लागू पडतो.

आपल्याकडे असे प्रश्न विचारण्यासाठी लागणारा कायदा कमी नाही. अटकेचे पंचनामेवजा टिपण करणे, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे हे नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्येच घालून दिले. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण शक्यतो अठरा महिने जपावे, असा आदेश डिसेंबर २०२० मध्ये झाला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या मिहीर शाह प्रकरणात, अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. या शेवटच्या निकालाचे महत्त्व मुंबईपेक्षा खान्देशात अधिक आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा किंवा भिल्ल मूल, जे शाळेतल्या मराठीतही अडखळते, त्याच्यापुढे कलमांनी भरलेला कागद सरकवून अंगठ्याच्या किंवा सहीच्या जागेवर बोट ठेवले, म्हणजे कारणे कळवली असे होत नाही. आमच्या आदिवासी आश्रमशाळांतून उत्तम धावपटू निघतात, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्यापैकी कोणाला उद्या ठाण्यात बसवले, तर त्याला कोणत्या भाषेत काय सांगितले गेले, याची नोंद मागणारा कोण आहे?

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील पोलीस अधीक्षकांनी आपापल्या जिल्ह्यातील किती ठाण्यांचे कॅमेरे आज चालू आहेत, हे जाहीर करावे. पावरी आणि भिलीतून अटकेची कारणे सांगू शकणाऱ्या माणसांची यादी प्रत्येक ठाण्याच्या ठाणे अंमलदाराकडे असावी. धुळ्याच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयात ओळख परेडचे हे साधे गणित पहिल्या महिन्यातच शिकवावे. आरोपीसोबत फोटो काढणे आणि आरोपीची चित्रफीत काढून ती पसरवणे, या दोन्हींसाठी एकाच प्रकारची खातेनिहाय कारवाई असावी.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. अटकेची बातमी आरोपीच्या नावानिशी आणि छायाचित्रानिशी ज्या पानावर छापली, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, त्या प्रकरणाचे पुढे काय झाले हेही छापले जावे. दोषारोपपत्र दाखल झाले की नाही, आरोपी सुटला की त्याला शिक्षा झाली, आणि पोलिसांविरुद्ध तक्रार असल्यास तिचा निकाल काय लागला. बातमी जुनी झाली, असे आपल्या वार्ताहराला वाटेल, पण ज्याचे नाव छापले गेले त्याच्या घरी ती रोज ताजी असते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
भुसावळ, जि. जळगाव