गोळी घेतलीस की जेव

लालबाग, मुंबई

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट आईने वाचून दाखवला. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.२. फोनवर मी गप्प झालो तो रागावलो म्हणून नव्हे. ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह, हे आक्कांच्या आजारपणात पाठ झालं होतं. तुझ्यासाठी ते आठवावं लागेल असं कधी मनात आलं नव्हतं.

पण आकड्यापेक्षा तुझं पुढचं बोलणं मला जास्त लागलं. सकाळी साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, घेतेस आणि "बाहेर सगळ्यात साखर असते" म्हणून दुपारी नुसत्या कॉफीवर राहतेस. अगं, पोटात अन्न असो-नसो, ती गोळी साखर खाली आणतेच. ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात कापतात, डोकं चालत नाही. आणि सिंगापूरच्या त्या खोलीत तू एकटी. विनूकाकाचं तुला ठाऊक आहे.

जेवायचं काय, ते मी सांगतो. चायनीजच्या भट्टीसमोर जन्म गेला माझा. साखर कुठे लपते ते मला माहीत आहे: ऑयस्टर सॉस, हॉयसिन, स्वीट चिली, केचप आणि वर कॉर्नफ्लोअरचं घट्ट पाणी. आपल्याकडचं मंचुरियन तर चीनमधलं नाहीच. १९७५ साली इथेच, क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी ते केलं, असं आमच्या धंद्यात सगळे सांगतात. कँटनकडचं घरगुती जेवण निराळं. त्यात वाफ, आलं, पातीचा कांदा.

तिकडे सी-बास म्हणून मिळतो तो आपला जिताडाच. छोटा अख्खा घे, दोन्ही बाजूंना चिरा दे, खाली-वर आल्याच्या चकत्या ठेव. पातेल्यातलं पाणी खळखळून उकळलं की मगच ताट आत वाफेवर ठेवायचं. दहा मिनिटांत होतो. काट्याजवळचं मांस सहज सुटलं की उतरव. ताटात साचलेलं पाणी ओतून दे, त्याला वास असतो. मग पातीचा कांदा, चमचाभर लाइट सोया (जास्त नको, मीठ फार असतं त्यात) आणि वरून चमचाभर कडक तापवलेलं तेल. तो चर्र आवाज आला पाहिजे.

तू चौथीत असताना हॉटेलच्या मागच्या दाराशी बसून गणितं सोडवायचीस. वस्ताद तुला माशाच्या गालाकडचा तुकडा काढून द्यायचे, आणि तू काटे स्वतः काढायचीस, कुणाला हात लावू द्यायची नाहीस. आज तीच पोर मेट्रोचे बोगदे आखते. चाळीत भेटेल त्याला मी हे सांगतो, आई ओरडते तरी.

कुठे होतो मी? हां, भात. सोडू नकोस, मोजून घे. कपभर शिजलेल्या भातात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात, तू अर्धा कप घे. आधी भाजी आणि मासा खायचा, भात शेवटी. त्याने साखर एकदम उसळत नाही. पाक चॉय ही तिकडची पालेभाजी मोठ्या आचेवर लसणात परत, पाण्याचा हबका मार, कॉर्नफ्लोअर नको. टोफू दाबून पाणी काढून थोड्या तेलात भाज. दमलीस तर हॉकर सेंटरला, तिथल्या खाण्याच्या स्टॉलवर, फिश सूप घे, नाहीतर यॉन्ग टाऊ फूमध्ये भाज्या आणि टोफू निवडून सूपमध्ये घे, गोड सॉस टाळ. कॉफी "कोपी ओ कोसोंग" सांगायची, म्हणजे बिनसाखरेची, बिनदुधाची.

भाषण झालं. तू इंजिनीअर, तुला मापं मी काय शिकवणार! राग मानू नकोस.

पण पर्समध्ये ग्लुकोज ठेव. हात कापायला लागले तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग जेवायचं. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. दुपारी जेवण होत नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांग, ते डोस बघतील. लाजायचं काय त्यात? आणि दुपारी जेवलीस की आईला एक मेसेज टाक. मला नको, मी सारखा विचारत बसेन.

पुढच्या महिन्यात सुधीर तिकडे येतोय. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडत असतील तर मशीनचं नाव कळव, त्याच्याबरोबर पाठवतो. तुझ्याकडे झाकण बसेल असं मोठं पातेलं आहे का, तेही सांग. नसेल तर माझं बांबूचं स्टीमर देतो.

तुझा,
बाबा