त्या रात्री बाबांसाठी जागलेल्यांना

बाबांना लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण होत निकामी होण्याचा आजार. आमचं सगळं लक्ष पोटातल्या पाण्याकडे. लघवी कमी झालीय हे आमच्या ध्यानातच आलं नाही. ते आलं रात्रपाळीच्या एका सिस्टरांच्या. दर तासाचं माप लिहून त्यांनी पहाटेच डॉक्टरांना बोलावून घेतलं. ताई, तुमचं नाव विचारायचंही राहून गेलं.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ; मूत्रपिंड मंदावलं की तो वाढतो. बाबांचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे फार नाही, असं म्हणून त्या तरुण डॉक्टरांनी विषय सोडला नाही. या आजारात स्नायू झिजतात, त्यामुळे हा आकडा मुळातच कमी दिसतो. आठवड्यापूर्वी तो ०.८ होता, हे त्यांनी फायलीतून शोधून काढलं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या लगेच थांबवल्या, पोटातलं पाणी जंतुसंसर्गासाठी तपासायला पाठवलं, शिरेतून अल्ब्युमिन हे प्रथिन सुरू केलं. मूत्रपिंड स्वतः धड असलं तरी त्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे मला चित्र काढून समजावलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

आणि औषधाच्या दुकानातले काका! बाबांच्या कंबरदुखीसाठी मी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मागितली, तुम्ही आजार विचारून, ती मूत्रपिंडाला घातक म्हणून नाकारलीत. मी तुमच्यावर चिडलो होतो. माफ करा, काका.

बाबा घरी आलेत. काल क्रिएटिनिन ०.९ आलं.