आधी काय करता ते विचार

प्रिय निनाद,

प्रभूच्या नावात सलाम आणि खूप आशीर्वाद.

रविवारी फोनवर फारच वैतागलेला होतास. तू ज्या नव्या चर्चचं डिझाइन करतोयस, त्याच्या कमिटीत जितकी माणसं तितकी चर्च, असं म्हणालास. एकाला काचा हव्यात, एकाला नकोत, एका आजींना जुने बाकच हवेत. ते मी हसण्यावारी नेलं. पण तुमच्या ऑफिसातल्या सीनियरनं दिलेला सल्ला, की सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि शेवटी आपल्याला हवं तेच काढायचं, तो मात्र डोक्यातून जाईना. तेव्हा बोलले नाही, कारण शेजारी बाबा मॅच बघत होते आणि मला ओरडून बोलावं लागलं असतं. म्हणून लिहिते.

तू लॉस एंजेलिसमध्येच आहेस, तर एखाद्या शनिवारी पॅसिफिक पॅलिसेड्सला जाऊन ये. तिथं सेंट मॅथ्यूज नावाचं एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाचं, चर्च आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात डोंगरातला वणवा आला आणि त्यांचं आधीचं चर्च जळालं. नवीन बांधायचं ठरलं तेव्हा त्या मंडळीनं अट घातली : दोन तृतीयांश लोकांनी पसंत केल्याशिवाय कुठलाही नकाशा पुढं जाणार नाही. अशी अट ऐकून बरेच आर्किटेक्ट नमस्कार करून निघून गेले असते. चार्ल्स मूर आणि त्यांच्या भागीदारांनी, मूर रूबल युडेल या फर्मनं, ते काम घेतलं आणि अट पाळायची म्हणून लोकांनाच डिझाइनला बसवलं. सोबतीला जिम बर्न्स होते. लॉरेन्स हॅल्प्रिन या लँडस्केप आर्किटेक्टबरोबर त्यांनी लोकांना घेऊन आराखडे करायची एक पद्धतच बसवली होती.

टप्प्याटप्प्यानं कार्यशाळा झाल्या. पहिल्या वेळी नकाशा काढणं नाही. सगळ्यांनी आधी जागेवरून हिंडायचं, कुठं थांबावंसं वाटतं, कुठून काय दिसतं ते टिपायचं. पुढच्या वेळी टेबलांवर रंगीत कागद, कात्र्या, सेलोफेन, अगदी खाण्याच्या वस्तूसुद्धा मांडून ठेवल्या आणि गटागटानं आपापलं चर्च करायला सांगितलं. बँकेतली माणसं, आज्या, शाळकरी पोरं, सगळी चिकटवाचिकटवी करत बसली असतील, ते डोळ्यांपुढं आण. आणि गंमत अशी की तोंडानं भांडणारी ही माणसं हातानं जवळपास एकच गोष्ट करत होती : वेदीभोवती अर्धवर्तुळात, जवळजवळ बसायचं. मग त्यांना जगभरातल्या चर्चच्या स्लाइड दाखवल्या. पांढरं नको, पांढरं नको म्हणणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते फिनलंडमधलं इमात्राचं चर्च, आल्वार आल्तो या आर्किटेक्टचं. ते चांगलं पांढरंशुभ्र आहे.

म्हणून म्हणते, माणूस आवडनिवड सांगतो तेव्हा तो बऱ्याचदा फक्त शब्द वापरत असतो. त्याला हातात काहीतरी दे, काहीतरी दाखव, मग खरं काय ते कळतं.

आता तुझ्या सीनियरच्या मुद्द्याकडे येते. लोकांना विचारलं की डिझाइन पातळ होतं, असं त्याला वाटतं. सेंट मॅथ्यूजमध्ये एका गटाला ऐसपैस, जवळचं बसणं हवं होतं, तर दुसऱ्याला परंपरेतलं, भारदस्त, क्रुसाच्या आकाराचं चर्च. वाद्य आणि गायनवाल्यांना आवाज घुमायला टणक भिंती हव्या होत्या, तर बाकीच्यांना लाकडाची ऊब आणि बाहेरची झाडं दिसावीत अशी काच. या सगळ्याची सरासरी काढली असती तर सभागृहच झालं असतं. मूर यांनी छप्पर क्रुसाच्या आकारात उचललं आणि त्याच्याखाली बसणं अर्धलंबवर्तुळात वळवलं. भिंतींना गिलावा, त्यावर लाकडी पट्ट्या. १९८३ मध्ये ते पुरं झालं. असं जुळवून आणणं कुठल्याही कमिटीला जमत नाही, ते आर्किटेक्टचंच काम. आणि तो प्रश्न त्यांच्यापुढं इतका धारदार होऊन आला, तो लोकांना विचारलं म्हणूनच आला. आत गेलास की आधी वर बघ, मग खाली बसून बघ.

कॅथलिकांकडे हे जरा वेगळ्या वाटेनं आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. लोकांनी उपासनेत नुसतं बघत न बसता पूर्ण आणि सक्रिय भाग घ्यावा, आणि नवी चर्च बांधताना हे ध्यानात ठेवावं, असं त्यात आहे. त्यानंतर जगभर वेद्या भिंतीपासून पुढं आल्या. कित्येक ठिकाणी त्या लोकांना न विचारताच पुढं आणल्या, हे मला कायम खटकत आलंय. सहभाग वाढवायचा आणि तोही वरून हुकूम काढून! पण त्यातूनच उपासनेच्या जागेचा सल्लागार असा एक व्यवसायही नावारूपाला आला. तुमच्याच शहरातलं २००२ चं कॅथलिक कॅथीड्रल आर्किटेक्ट राफाएल मोनेओंचं, पण त्यासाठी सल्लागार म्हणून रिचर्ड व्हॉस्को नावाचे धर्मगुरू होते. अशा कामात उभी हयात घालवणारी माणसं असतात. तुझं एक प्रोजेक्ट म्हणजे ओझं नाही रे बाबा.

माझं काम यापुढं लहानच. नेवासे तालुक्यातल्या एका गावाचं सांगते, तू तेव्हा पाचवी-सहावीत असशील. जुनं मातीचं उपासना मंदिर पावसात खचलं होतं. पंचांनी बोलावलं. चर्च कसं हवं, असं विचारलं तर एकच उत्तर : नगरसारखं. टोकदार खिडक्या, मनोरा, चकचकीत फरशी. मग मी तो प्रश्न सोडून दिला आणि विचारलं, गेल्या वर्षभरात या जागेत काय काय झालं ते सांगा. तेव्हा माणसं मोकळी झाली. नाताळात रात्रभर कीर्तन झालं, बाकं बाहेर काढून सतरंज्या टाकल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणायला मांडीच घालावी लागते, बाकावर बसून टाळ वाजवता येत नाहीत. हंगामाच्या उपासनेला बाजरीची पोती, कोंबड्या, एक बोकडसुद्धा वेदीपर्यंत आला आणि मग तिथंच लिलाव. बोकडानं पाळकांच्या झग्याला तोंड लावलं, हे सांगताना पंच इतके हसले की सभाच थांबली. मी वहीत लिहिलं : बाकं हलकी, दोघांनी उचलता येतील अशी. वेदीपुढची फरशी खरबरीत, धुता येईल अशी, चकचकीत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं सभेत आलंच नाही. सभा संध्याकाळची आणि बाया चुलीपुढं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी महिला संघात जाऊन बसले. एक म्हातारी म्हणाली, आमच्या मालकाची मयताची पेटी दारातून वळत नव्हती, तिरकी करावी लागली, आतून आवाज आला. बाकीच्या गप्प झाल्या. मग एकेक सांगायला लागली. प्रत्येक घरातली पेटी त्या दारात तिरकी झाली होती. आणि पुरुषांपैकी एकानंही ते सांगितलं नव्हतं, जरी खांदा त्यांनीच दिला होता. नव्या मंदिराचं दार सहा फूट रुंद आणि वेदीच्या सरळ समोर आहे, मध्ये वळण नाही, पायरी नाही, उतार आहे. त्याच बायकांनी मागच्या बाजूला खाली खिडकी आणि झोपलेली पोरं ठेवायला कट्टा मागून घेतला.

मनोरा? तोही दिला. मला मनोऱ्यांची फारशी हौस नाही, पण निम्मी मंडळी मळ्यातल्या वस्त्यांवर राहते आणि घंटा तिथवर ऐकू जायला उंची लागते. टोकदार खिडक्यांवर मात्र मी अडून बसले. पश्चिमेचं ऊन सरळ आत येत होतं, तिथं विटांची जाळी घातली. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचं तिरुवनंतपुरमचं लोयोला चॅपल बघून आले होते, १९७१ चं. त्यातल्या विटांच्या जाळ्यांतून येणारा उजेड डोक्यात होता. पंच कुरकुरले. मी एका दुपारी त्यांना ऊन येत होतं तिथंच खुर्च्या टाकून अर्धा तास बसवलं, आणि जाळी मंजूर झाली. ऐकून घेणं म्हणजे होकार देणं नव्हे, हे तुझ्या सीनियरला सांग. पण नकार द्यायचा तर त्यांच्यासमोर, कारणासकट. ऑफिसात बसून परस्पर नाही.

आता थोडं व्यवहाराचं. सभांचा वेळ करारात वेगळा टप्पा म्हणून लाव, त्याची फी वेगळी. नाहीतर ऑफिस तिसऱ्याच सभेला कंटाळतं आणि खापर लोकांवर फुटतं. थ्रीडी चित्रं लवकर दाखवू नकोस, एकदा रंग दिसला की माणसं रंगावरच बोलतात. पुठ्ठ्याचं मॉडेल कर, छप्पर उचलता येईल असं. मत घेण्याची घाई नको, पण शेवटी किती जणांची संमती लागेल तो आकडा आधीच कागदावर आण, भांडण व्हायच्या आधी. आणि देणगीदारांच्या नावाच्या पाट्या कुठं लागणार हे पहिल्याच महिन्यात ठरव. मोठी देणगी देणारा सभेत मोठ्यानं बोलतो, हे इथं आणि तिथं सारखंच असणार. कोण कुठल्या बाकावर बसतं तेही बघून ठेव. आमच्याकडे चर्चमध्ये जात नसते म्हणतात, पण बसण्याचा नकाशा काढला की दिसते.

जुने बाक हवेत म्हणणाऱ्या त्या आजींना एकटं गाठ. त्या कुठल्या बाकावर बसतात, शेजारी कोण बसायचं, तेवढं विचार. बाकाचं लाकूड राहिलं बाजूला, दुसरंच काही निघेल असा माझा अंदाज आहे. काय निघालं ते कळव.

बाबांची शुगर आटोक्यात आहे, गोड मात्र चोरून चालू आहे. तुझा नकाशा पाठवशील तेव्हा फोटो काढून पाठव, माझ्या फोनवर पीडीएफ उघडत नाही.

तुझी,
आई