एका जुवाखालचे डावे-उजवे

पुणे,
१६ नोव्हेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी हाती पडले. गावच्या भजनी मंडळाचा मिक्स तू स्वतः करायला घेतला आहेस हे वाचून आनंद झाला, आणि त्यासाठी लागणारा स्टिरिओ बस कॉम्प्रेसर, म्हणजे एकत्र झालेल्या डाव्या-उजव्या आवाजातला फार मोठा झालेला भाग आपोआप दाबणारे यंत्र, विकत न आणता घरीच बांधावा असे तुझ्या मनात आले आहे हे वाचून तर फारच बरे वाटले. माझा कॉम्प्रेसर श्रावणात पूर्ण झाला आणि तेव्हापासून रोज चालू आहे. तू विचारलेस की यात अवघड काय आहे. सोल्डरिंग अवघड नाही, डबा कापणे त्रासाचे असले तरी अवघड नाही. अवघड आहे ते डावा आणि उजवा चॅनेल शेवटपर्यंत एकाच चालीने चालवणे. म्हणून या पत्रात मी त्याबद्दलच अधिक लिहिणार आहे.

ज्या सर्किटवरून मी काम केले त्याचे मूळ इंग्लंडातील सॉलिड स्टेट लॉजिक या कंपनीच्या ४००० मालिकेतील कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या मोठ्या टेबलात, आहे. कॉलिन सँडर्स यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने कन्सोलच्या मधल्या भागातच, सगळ्या ट्रॅकांची बेरीज होऊन आवाज बाहेर पडतो त्या ठिकाणी, एक कॉम्प्रेसर बसवला होता, आणि पुढे १९८७ च्या जी मालिकेच्या नावानेच लोक त्याला ओळखू लागले. डेन्मार्कमधील गायराफ ऑडिओचे याकोब एर्लंड यांनी त्यावरून घरी जुळवता येईल असा एक बोर्ड आखला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. हौशी मंडळी त्याला जीएसएसएल म्हणतात. एवढ्या मोलाची गोष्ट एखादा माणूस अशी वाटून टाकतो, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

बोर्डावरची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे व्हीसीए, म्हणजे व्होल्टेज दिले की त्या प्रमाणात आवाज कमी-जास्त करणारी चिप. मी दॅट कंपनीची २१८० वापरली. आठ पाय एका रांगेत असलेली ही छोटीशी काळी पट्टी आहे. तिच्यामागची कल्पना डीबीएक्स कंपनीचे डेव्हिड ब्लॅकमर यांची आहे. ट्रान्झिस्टरच्या अंगी मुळातच लॉगॅरिदमचा गुण असतो, त्याचा उपयोग करून आवाजाच्या प्रवाहाचा लॉग घ्यायचा, त्यात नियंत्रणाचे व्होल्टेज मिळवायचे आणि पुन्हा उलट दिशेने मूळ प्रवाहाकडे यायचे. लॉगमधली बेरीज म्हणजे प्रत्यक्षातला गुणाकार, त्यामुळे नियंत्रणाच्या पायावर सुमारे ६.१ मिलिव्होल्ट बदलले की आवाज बरोबर १ डेसिबलने बदलतो, मग तो मुळात मोठा असो वा लहान. सहा मिलिव्होल्ट म्हणजे किती थोडे, हे तुझ्या ध्यानात येईलच. या पायापर्यंत जाणाऱ्या वाटेवर जी काही घाण येईल, मग ती गुणगुण असो, खरखर असो की चुकीचा रेझिस्टर असो, ती सरळ गाण्यावर उमटते.

बोर्डावर अशा तीन चिप लागतात. दोन चिपमधून गाणे जाते आणि तिसरी फक्त ऐकण्याचे काम करते. डावे आणि उजवे यांची बेरीज या तिसरीतून जाते, तेथून रेक्टिफायरकडे (आवाजाच्या खाली-वर होणाऱ्या लहरीला एकाच दिशेचे करणाऱ्या भागाकडे), आणि त्यातून जे नियंत्रणाचे व्होल्टेज तयार होते ते तिन्ही चिपना एकाच वेळी दिले जाते. म्हणजे तिसरी चिप जे ऐकते ते आधीच दाबलेले असते, स्वतःचाच परिणाम ऐकून ती पुढचे व्होल्टेज ठरवते, आणि या कॉम्प्रेसरच्या चालीत जो मऊपणा आहे तो मला वाटते बराचसा यातूनच येतो. एकच व्होल्टेज दोन्ही बाजूंना का, हे तुला ठाऊक आहे, पण बांधताना मला त्याचा खरा अर्थ कळला. बैलजोडी एका जुवाला जुंपलेली असताना एका बैलाचे पाऊल चार बोटे लांब पडू लागले की गाडी चाकोरी सोडते. माझ्याकडे नेमके तेच झाले.

पहिल्या आठवड्यात मी एका भजनाचा मिक्स त्यातून ऐकत होतो. बुवांचा आवाज मधोमध, टाळ डावीकडे, हार्मोनियम थोडी उजवीकडे, पखवाज मध्ये. गजर चढला, मागची दहा माणसे एकदम गाऊ लागली, मीटरची सुई सहा डेसिबलपर्यंत गेली, आणि बुवा किंचित उजवीकडे सरकले. गजर ओसरला तसे परत मध्ये आले. हे इतके बारीक होते की दोनदा मला भास वाटला, पण डोळे मिटून ऐकले की दर वेळी त्याच जागी तेच होत होते. मी आधी स्पीकरवर संशय घेतला आणि दोन्हीच्या तारा अदलाबदल केल्या. बुवा आता डावीकडे सरकू लागले, म्हणजे स्पीकर निर्दोष होते. मग वाटले, चिप खराब असेल. सॉकेटमध्ये बसवल्या असल्यामुळे त्या दोन चिप मी एकमेकींच्या जागी लावल्या. फरक काहीच पडला नाही. दोष चिपमध्ये नव्हता, तिच्या जागेत होता.

त्यानंतर मी जे पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले. दोन्ही बाजूंना २०० हर्ट्झचा एकच सूर दिला (साध्या मल्टिमीटरवर याहून फार वरच्या कंपनसंख्येत विश्वास ठेवू नये) आणि कॉम्प्रेशन नसताना दोन्हीकडे बरोबर १ व्होल्ट मिळवला. मग थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो ती) खाली आणत आणत उजवी बाजू १० डेसिबलने खाली आणली. उजवीकडे ३१६ मिलिव्होल्ट आले, डावीकडे २८३. जवळजवळ पूर्ण एक डेसिबलचा फरक. नियंत्रणाच्या पायांवर मोजले तर उजवीकडे ६१ मिलिव्होल्ट आणि डावीकडे ६७.

त्या पायाला व्होल्टेज देण्याआधी ते दोन रेझिस्टरांनी लहान केलेले असते. माझ्या बोर्डात वरचा २.२ किलोओहम आणि खालचा १०० ओहम आहे. मी भिंग आणले, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि डावीकडचा १०० ओहमचा रेझिस्टर पाहिला. निळ्या अंगावर पाच पट्टे: तपकिरी, तपकिरी, काळा, काळा, तपकिरी. म्हणजे ११० ओहम. तपकिरीनंतर काळा पट्टा हवा होता आणि तेथे दुसरा तपकिरीच होता. निळ्या रंगावर हे दोन्ही रंग रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये सारखेच दिसतात, विनायक, आणि बुधवार पेठेतून आणलेल्या पुडीत तो एक कसा मिसळला होता हे मला आता सांगता येणार नाही, पण बसवण्यापूर्वी मीटरने मोजणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. तो काढला, मोजलेला १०० ओहम घातला, पुन्हा सूर दिला. दोन्हीकडे ३१६. त्या रात्री मी ते भजन चार वेळा ऐकले आणि बुवा चारही वेळा आपल्या जागी बसून होते.

याच्याच जोडीला एक गोष्ट लक्षात ठेव. या चिपचे डेसिबलचे माप तिच्या तापमानावरही अवलंबून असते, दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. एक व्हीसीए रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) गरम पत्र्याजवळ आणि दुसरी लांब अशी मांडणी झाली आणि दोघींत १० अंशांचा फरक पडला, तर १० डेसिबलच्या दाबावर तिसरा हिस्सा डेसिबल इकडचा तिकडे होतो. म्हणून तिन्ही चिप शेजारी शेजारी आणि उष्णतेपासून दूर ठेव.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात लिहितो. १५-०-१५ चा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर घे आणि ७८१५ व ७९१५ हे रेग्युलेटर लाव. या दोघांचे पाय एकसारखे नसतात, शिवाय ७९१५ च्या पाठीचा धातू इनपुटला जोडलेला असतो, त्यामुळे तो डब्याला कसताना मध्ये अभ्रकाची चकती हवीच. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या बोल्टचे वरचे टोक झाकणाला टेकता कामा नये. खाली तळ आणि वर झाकण असे दोन्हीकडे टेकले की तो बोल्ट आणि डबा मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. डब्याला अर्थिंग पक्के दे, त्यात तडजोड नको. पहिल्यांदा वीज देताना सगळ्या चिप बाहेर काढून ठेव आणि जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांसारखा ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाल; बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद कर. माझ्याकडे सुरुवातीला ५० हर्ट्झची बारीक गुणगुण होती. बोल्ट थोडा सैल केला, कानाला हेडफोन लावला आणि ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी हळूहळू फिरवला. एका ठिकाणी गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. तेथेच कसला.

आता तुझ्या भजनाकडे येतो, कारण मूळ सर्किट जसेच्या तसे तुला पुरणार नाही असे माझे मत आहे. तिसरी चिप डाव्या-उजव्याची बेरीज ऐकते हे वर लिहिलेच आहे. पखवाज मधोमध असतो, म्हणजे तो दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि बेरजेत दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने मोठा होतो. एका बाजूला ठेवलेले टाळ मात्र एकदाच मोजले जातात. त्यात पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा खर्ज म्हणजे केवढी ऊर्जा! दर ठोक्याला सुई दचकते आणि पखवाज वाजला की बुवांचा आवाज मागे जातो. यावर उपाय सोपा आहे. ऐकणाऱ्या चिपकडे जाणाऱ्या वाटेवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५ किलोओहमचा रेझिस्टर यांचा एक फिल्टर घाल. सुमारे १०६ हर्ट्झच्या खालचे तिला कमी कमी ऐकू येते. गाण्यातला खर्ज तसाच राहतो, फक्त कॉम्प्रेसर त्याला बिचकत नाही. मी त्याला एक स्विच दिला आहे आणि तो क्वचितच बंद करतो.

अ‍ॅटॅकसाठी (म्हणजे दाब किती लवकर यावा यासाठी) ०.१ पासून ३० मिलिसेकंदांपर्यंत सहा जागा आहेत. भजनाला मी १० किंवा ३० वर ठेवतो. टाळांचा पहिला टणत्कार तेवढ्या वेळात निसटून पुढे जातो आणि दाब नंतर येतो, म्हणून टाळ जिवंत राहतात. ०.३ वर ठेवून बघ, टाळांवर फडके टाकल्यासारखे वाटेल. रिलीझमध्ये, म्हणजे दाब किती वेळात सुटावा यात, ०.१, ०.३, ०.६ आणि १.२ सेकंदांखेरीज ऑटो नावाची एक जागा आहे. तिच्यात दोन वेगवेगळ्या आकारांचे कपॅसिटर असतात. एखादाच ठोका आला तर लहान कपॅसिटर भरतो आणि पटकन रिकामा होतो, आणि गजर बराच वेळ टिकला तर मोठाही भरत जातो आणि सावकाश सोडतो. ज्या संगीतात लय संथ सुरू होऊन शेवटी द्रुत होते त्याला ही जागा फार मानवते, कारण ठेका बदलला तरी तुला बटणाला हात लावावा लागत नाही. प्रमाण २ ते १ ठेव (म्हणजे थ्रेशोल्डच्या वर आवाज दोन डेसिबल वाढला तर बाहेर एकच वाढतो) आणि सुई गजरातसुद्धा तीन-चार डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

एक गोष्ट मी तुला आग्रहाने सांगतो. दाबून कमी झालेला आवाज भरून काढायला मेकअपचे बटण आहे, आणि तेच सर्वांत फसवे आहे. कॉम्प्रेसर लावलेला मिक्स एका डेसिबलने जरी मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतात. म्हणून मी रिलेचा बायपास (कॉम्प्रेसर वगळून आवाज सरळ पुढे जाऊ देणारा स्विच) बसवला, दोन्ही स्थितींतला आवाज मोजून अगदी सारखा केला आणि मगच निवाडा करू लागलो. पहिल्या महिन्यात मला आवडलेल्या निम्म्याहून अधिक मिक्समध्ये असे दिसले की मला फक्त मोठेपणा आवडला होता. हे कॉम्प्रेसर संगणकातही मिळतात आणि त्यांतले काही उत्तम आहेत, ते मी नाकारत नाही. पण अर्धा डेसिबल म्हणजे काय हे मला त्या ११० ओहमच्या रेझिस्टरने जसे शिकवले तसे दुसऱ्या कशानेही शिकवले नव्हते.

या पत्रासोबत एक पुडी पाठवत आहे. त्यात २.२ किलोओहमचे तीन आणि १०० ओहमचे तीन रेझिस्टर आहेत. एका पट्टीतले शंभर मोजून त्यांतून एकमेकांशी जुळणारे निवडले आहेत आणि प्रत्येक जोडी वेगळ्या कागदात गुंडाळून वर आकडा लिहिला आहे. पुडी उघडताना जोड्या मिसळू देऊ नकोस, आणि मी मोजले आहेत म्हणून विसंबून न राहता डाग देण्याआधी तुझ्या मीटरवरही एकदा मोज. बोर्ड आला की कळव. पहिल्यांदा वीज देण्याच्या दिवशी मला यायला आवडेल.

काकूंना माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीधर